शेवटची घरची फायनल: कॅल्गरी विरुद्ध मॉन्ट्रियल, १९८९

मंडळी, नमस्कार. पत्रिकेत विषय छापलाय ‘क्यूबेक सिटीला टीम हवी’, म्हणजे एनएचएल या आइस हॉकी लीगमधली टीम, आणि मी त्यावर बोलणार आहेच, पण १९८९ सांगितल्याशिवाय तो मुद्दा पटणार नाही, आणि १९८९ सांगायचं तर आधी १९८६ सांगावं लागतं, तेव्हा जरा ऐसपैस बसा. एडमंटनहून कोण कोण आलंय? हात वर करा बघू. अरे वा, बरेच आहात की! बसा बसा, आज तुमच्याबद्दलही एक चांगली गोष्ट सांगणार आहे.

इथे हॉलमध्ये बहुतेक जण २००० नंतर आलेले दिसतायत. म्हणजे तुम्ही इथे आल्यापासून कॅनडाच्या टीमने स्टॅन्ली कप, म्हणजे त्या लीगचा कप, जिंकलेला बघितलेलाच नाहीये. शेवटचा १९९३, मॉन्ट्रियल. त्याच्यानंतर व्हँकुव्हर १९९४ आणि २०११, आपण, म्हणजे कॅल्गरी, २००४, एडमंटन २००६, ऑटावा २००७, मॉन्ट्रियल २०२१, परत एडमंटन २०२४ आणि २०२५, सगळे फायनलपर्यंत गेले आणि हरले. आणि दर वेळी टीव्हीवाले सुरू करतात की आता ही ‘कॅनडाची टीम’, आता सगळ्या देशाने हिच्यामागे उभं राहायचं. २०२४ ला फ्लोरिडाविरुद्ध एडमंटन सातव्या, म्हणजे शेवटच्या मॅचपर्यंत गेलं तेव्हा मला माझ्याच मुलीने विचारलं, आई तू ऑयलर्सना, म्हणजे एडमंटनच्या टीमला, सपोर्ट करणार ना, कॅनडासाठी? मी म्हटलं नाही. त्यांचा मॅकडेव्हिड खेळतो सुंदर, हरलेल्या टीममध्ये असूनही त्याला कॉन स्माइथ, म्हणजे बाद फेरीतल्या (प्लेऑफमधल्या) सगळ्यात चांगल्या खेळाडूची ट्रॉफी, मिळाली आणि ती मिळायलाच हवी होती, पण कॅल्गरीच्या माणसाने एडमंटनसाठी टाळ्या वाजवायच्या हे मला कधी जमलं नाही आणि जमणारही नाही. (एडमंटनवाले हसतायत, त्यांना पटलंय. तेही आपल्यासाठी वाजवणार नाहीत.)

माझं म्हणणं एवढंच आहे की ‘कॅनडा विरुद्ध अमेरिका’ ही या कपातली खरी लढत नाहीच. खरी लढत आहे घरातली. लॉर्ड स्टॅन्लीने १८९२ मध्ये कप दिला तो कॅनडातल्या टीम्सनी एकमेकांना आव्हान द्यावं म्हणून, १८९३ मध्ये पहिला कप मॉन्ट्रियलच्या क्लबला मिळाला, आणि १८९६ ला विनिपेगवाले आगगाडीने मॉन्ट्रियलला येऊन कप घेऊन गेले. सुरुवातीपासून हे असंच आहे, पूर्व आणि पश्चिम, भाऊबंदकी. आणि दोन्ही टीम कॅनडाच्या अशी शेवटची फायनल झाली मे १९८९ मध्ये, कॅल्गरी फ्लेम्स आणि मॉन्ट्रियल कॅनडियन्स. त्यानंतर आजतागायत एकही नाही. मी ती बघितली, पहिल्या मिनिटापासून शेवटच्या मिनिटापर्यंत, आणि तशी दुसरी अजून बघायला मिळाली नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता १९८६. आपली टीम अटलांटाहून १९८० मध्ये आली, नाव ‘फ्लेम्स’ तिथूनच आलं, यादवी युद्धात अटलांटा जळलं त्यावरून. १९८३ मध्ये आपलं अरीना, सॅडलडोम, झालं. पण स्माइथ डिव्हिजनमधून, म्हणजे आपल्या गटातून, बाहेर पडायचं तर वाटेत एडमंटन, आणि एडमंटन म्हणजे ग्रेट्झ्की, मेसिए, कुरी, कॉफी, फ्यूर. १९८४ आणि १९८५ चा कप त्यांच्याकडे. तर १९८६ ची सातवी मॅच, ३० एप्रिल, एडमंटनमध्येच, स्कोअर २-२, तिसरा पिरियड. स्टीव्ह स्मिथ नावाचा ऑयलर्सचा डिफेन्समन, त्या दिवशी त्याचा तेविसावा वाढदिवस, आपल्याच गोलच्या मागून पक (खेळायची रबरी चकती) उचलतो आणि पुढे पास टाकतो, आणि तो पास त्याच्याच गोलकीपरच्या, ग्रँट फ्यूरच्या पायाला मागून लागून आत जातो. आत! गोल लागला पेरी बेरेझनच्या नावावर, कारण पकला शेवटचा हात लागलेला फ्लेम्सचा माणूस तो होता, आणि तो बेंचवर जाऊन बसत होता, आणि जन्माने एडमंटनचाच. स्मिथ बर्फावर पालथा पडला, उठला तेव्हा रडत होता. आपण ३-२ जिंकलो.

आता एडमंटनवाल्यांसाठी कबूल केलेली चांगली गोष्ट. पुढच्या वर्षी, १९८७ ला, ऑयलर्सनी परत कप जिंकला. कॅप्टन ग्रेट्झ्कीच्या हातात कप आला आणि त्याने तो सगळ्यात आधी कोणाकडे दिला? स्टीव्ह स्मिथकडे. मी कॅल्गरीची आहे, मला ग्रेट्झ्कीने आयुष्यभर छळलंय, पण या एका गोष्टीसाठी त्याला माझा नमस्कार आहे.

तर १९८६ ला आपण फायनलला गेलो, समोर मॉन्ट्रियल, आणि मॉन्ट्रियलच्या गोलमध्ये वीस वर्षांचा एक पोरगा, पॅट्रिक रुआ. दुसरी मॅच ओव्हरटाइमला गेली आणि ब्रायन स्क्रडलंडने नवव्या सेकंदाला गोल केला, प्लेऑफच्या इतिहासातला सगळ्यात जलद ओव्हरटाइम गोल. लोक अजून पॉपकॉर्न घेऊन परत येत होते हो! सिरीज हरलो ४-१.

हे डोक्यात ठेवा. १९८९ ला कॅल्गरीला परत तेच मॉन्ट्रियल आणि तोच रुआ. आणि या वेळी दोघांपैकी कोणीही नशिबाने आलेलं नव्हतं, कॅल्गरी ११७ पॉइंटांवर लीगमध्ये पहिले आणि मॉन्ट्रियल ११५ वर दुसरे. पहिला आणि दुसरा, सरळ सामना, याच्यापेक्षा न्यायाची फायनल कुठली?

तसं नशीब थोडं होतं, पहिल्या राउंडला. समोर व्हँकुव्हर, लीगमध्ये आपल्यापेक्षा ४३ पॉइंट मागे, आणि तरी त्यांनी आपल्याला सातव्या मॅचच्या ओव्हरटाइमपर्यंत ओढलं. तिथे आपल्या गोलकीपरने, माइक व्हर्ननने, जे अडवलंय, विशेषतः स्टॅन स्मिलचा शॉट, ते अडवलं नसतं तर आज मी इथे भाषण करत नसते. मग आपल्या पेप्लिन्स्कीने पक गोलकडे टाकला, तो आपल्याच जोएल ओटोच्या स्केटला लागून आत गेला. व्हँकुव्हरचे लोक अजून म्हणतात त्याने लाथ मारली. मी तो रिप्ले खूप वेळा बघितलाय, लाथ नाही, पायाला लागून गेलाय. आणि २००४ च्या फायनलच्या सहाव्या मॅचला टॅम्पा बेविरुद्ध आपल्या जेलिनाच्या स्केटला लागून जो पक गोलकीपरच्या पॅडपाशी गेला तो रेषेच्या आत होता, होता, होता. दिला नाही. तो दिला असता तर कप त्याच रात्री सॅडलडोममध्ये उचलला असता. सतराव्या अव्हेन्यूवर लाल जर्सी घालून आपली केवढी माणसं होती तेव्हा, त्यातली काही आज इथे बसलीयत, त्यांना विचारा. बरं, बरं, वेळ बघणारे काका हात दाखवतायत, पुढे जाते.

त्या वर्षी देशात काय चाललं होतं तेही सांगायला हवं, कारण आता आलेल्यांना त्याची कल्पना नसते. १९८० मध्ये केंद्र सरकारने नॅशनल एनर्जी प्रोग्रॅम आणला, अल्बर्टाच्या तेलावर हात घातला असं इथल्या लोकांना वाटलं, आणि तो राग नऊ वर्षांनीही गेला नव्हता. मी तेल कंपनीच्या अकाउंट्समध्ये होते, जेवणाच्या सुट्टीत ऑटावाला शिव्या घातल्याशिवाय लोकांचं सँडविच खाली उतरायचं नाही. गाड्यांवर स्टिकर असायचे की पूर्वेकडच्यांना अंधारात गारठून मरू द्या. १९८७ ला रिफॉर्म पार्टी निघाली, तिची घोषणाच होती की पश्चिमेला आत यायचंय, आणि मार्च १९८९ ला, म्हणजे फायनलच्या दोन महिने आधी, डेब्रा ग्रे अल्बर्टातून त्या पक्षाची पहिली खासदार झाली. आणि तिकडे क्यूबेकमध्ये डिसेंबर १९८८ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की दुकानाच्या पाट्या फक्त फ्रेंचमध्ये हव्यात ही सक्ती चालणार नाही, आणि तिथल्या सरकारने लगेच नवीन कायदा करून बाहेरच्या पाट्या फ्रेंचच ठेवल्या. ‘मीच लेक’ नावाचा राज्यघटनेबद्दलचा करार अर्ध्यात लटकलेला, क्यूबेकला वेगळा समाज म्हणून मान द्यायचा की नाही यावर घराघरात भांडण. आणि नेमक्या त्या वेळी अल्बर्टा आणि क्यूबेक कपसाठी समोरासमोर.

हॉकीत क्यूबेकचं दुखणं जुनं आहे, १९५५ ला मॉन्ट्रियलच्या मोरीस रिशारला लीगच्या अध्यक्षाने उरलेल्या सीझनसाठी आणि प्लेऑफसाठी बाहेर बसवलं तर मॉन्ट्रियलमध्ये दंगल झाली, फोरममध्ये, म्हणजे मॉन्ट्रियलच्या अरीनात, अश्रुधूर, सेंट कॅथरीन स्ट्रीटवर काचा फोडल्या. इंग्रजी साहेबाने फ्रेंच हिरोला शिक्षा केली असं त्यांनी ते घेतलं. असल्या फोरममध्ये आपली टीम खेळायला जाणार होती.

आम्ही तेव्हा बो नदीच्या उत्तरेला एका घराच्या बेसमेंटमध्ये भाड्याने राहायचो. घरमालक क्यूबेकचे, सागने नदीच्या बाजूचे, तेलाच्या कामासाठी इथे आलेले आणि इथेच लग्न करून राहिलेले. मालकीणबाई ड्रमहेलरजवळच्या शेतकरी घरातल्या, कट्टर अल्बर्टावाल्या. संसार चांगला चाललेला, पण त्या मे महिन्यात किचनमध्ये दोन झेंडे लागले होते, फ्रिजवर फ्लेम्सचा लाल सी, आणि कपाटाच्या दारावर मॉन्ट्रियलचा सी-एच. आम्हाला रोज वर बोलवायचे मॅचला. मी कांदाभजी घेऊन जायचे, ती पहिल्या पिरियडमध्येच संपायची. भांडण एकच, मॅच कुठल्या चॅनलवर बघायची, सीबीसीवर इंग्रजीत की रेडिओ-कॅनडावर फ्रेंचमध्ये. तोडगा निघाला की पहिला पिरियड इंग्रजी, दुसरा फ्रेंच, तिसरा परत इंग्रजी, आणि ओव्हरटाइम झाला तर फ्रेंच, कारण घरमालक म्हणाले दोन-दोन तरी वाटून घ्या.

पहिली मॅच आपण ३-२ जिंकलो, विजयी गोल थिओ फ्लरीचा, पाच फूट सहा इंचाचा पोरगा, लीगमधलं पहिलंच वर्ष. दुसरी मॉन्ट्रियलने ४-२. तिसरी मॅच फोरमला, आपण ३-२ पुढे, शेवटचं मिनिट चालू, आणि मॅट्स नॅस्लुंडने बरोबरी केली. मग ओव्हरटाइम, मग दुसरा ओव्हरटाइम, सगळं फ्रेंचमध्ये. भजी केव्हाच संपलेली, मालकीणबाई उभ्यानेच बघतायत, त्यांचं म्हणणं बसलं की गोल खातो. शेवटी दुसऱ्या ओव्हरटाइमची दोनच मिनिटं उरली असताना रायन वॉल्टरने गोल केला आणि घरमालकांनी टेबलावर अशी मूठ आपटली की मीठदाणी खाली. मॉन्ट्रियल २-१ ने पुढे.

बहुतेक टीम्स तिथे खचल्या असत्या. आपण चौथी तिथेच ४-२ जिंकलो, पाचवी घरी ३-२. यात सगळ्यात मोठा वाटा अल मॅकिनिसचा. नोव्हा स्कोशाचा माणूस, लहानपणी प्लायवूडचा तुकडा ठेवून धान्याच्या कोठाराच्या भिंतीवर तासन्‌तास पक मारत बसायचा, त्यातून तो स्लॅप शॉट तयार झाला ज्याच्यापुढे उभं राहायला गोलकीपर घाबरायचे. त्या प्लेऑफमध्ये ३१ पॉइंट, म्हणजे स्वतःचे गोल आणि गोलसाठी दिलेले पास मिळून, ओळीने १७ मॅचेसमध्ये किमान एक तरी पॉइंट. डिफेन्समन असून सगळ्या प्लेऑफमध्ये सगळ्यात जास्त पॉइंट, असं आधी कोणीच केलं नव्हतं.

आणि आता सहावी मॅच. २५ मे १९८९, गुरुवार, मॉन्ट्रियल फोरम. मॉन्ट्रियल फोरममध्ये कॅनडियन्सना हरवून पाहुण्या टीमने कप उचललाय असं तोपर्यंत एकदाही झालेलं नव्हतं. एकदाही नाही, फोरम १९२४ पासून उभं होतं.

इथे मला लॅनी मॅकडॉनल्डबद्दल बोलायचंय, काका मला थांबवू नका. लॅनी मॅकडॉनल्ड, हॅना गावचा, अल्बर्टाच्या शेतकऱ्याचा मुलगा, त्या लाल मिशा तुम्ही फोटोत बघितल्याच असतील, अशा मिशा आपल्याकडे कोल्हापुरातच शोभल्या असत्या. १९७३ च्या ड्राफ्टला, म्हणजे टीम्स पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तेव्हा, टोरंटोने त्याला चौथ्या नंबरवर घेतलं. त्याच ड्राफ्टला आठव्या नंबरवर मॉन्ट्रियलने बॉब गेनीला घेतलं. आता बघा, सोळा वर्षांनी हे दोघं समोरासमोर, गेनी मॉन्ट्रियलचा कॅप्टन, त्याच्याकडे पाच कप, आणि लॅनी आपल्या तीन कॅप्टनांपैकी एक, त्याच्याकडे एकही नाही. टोरंटोने त्याला १९७९ मध्ये ट्रेड करून टाकलं तेव्हा लोकांनी मेपल लीफ गार्डन्सच्या बाहेर निदर्शनं केली होती. तिथून कोलोरॅडो, तिथून १९८१ ला आपल्याकडे. एका सीझनला ६६ गोल केलेला माणूस, पण आता छत्तीस वर्षांचा, पाय मंदावलेले. मार्चमध्ये त्याचे ५०० गोल पूर्ण झाले आणि सगळ्यांना माहीत होतं की हा शेवटचा सीझन. फायनलच्या मधल्या मॅचेसना कोच टेरी क्रिस्पने त्याला बाहेर बसवलं होतं. सहाव्या मॅचला घेतलं.

पहिल्या पिरियडला कॉलिन पॅटरसनने गोल केला, १-०. दुसऱ्याच्या सुरुवातीला क्लॉड लमियूने बरोबरी केली. मग लॅनीला पेनल्टी, दोन मिनिटं बॉक्समध्ये. मालकीणबाई म्हणाल्या संपलं, आता हा इथेच हरवणार आपल्याला. पेनल्टी संपली, बॉक्सचं दार उघडलं, आणि लॅनी बाहेर पडतोय नेमका तेव्हा पक आपल्याकडे आला आणि आपले लोक पुढे निघाले. बेंचकडे जायच्या ऐवजी तो सरळ उजव्या बाजूने धावत सुटला. आपल्या जो न्यूएंडाइकने डावीकडून पास आडवा टाकला, लॅनीने तो एका दमात थांबवून मनगटाने वर उचलला, रुआ सरकतोय, गुडघे खाली आलेत, हात वर जातोय, आणि पक त्याच्या हाताच्या वरून जाळीत. २-१. आणि मग ते दोन्ही हात वर, तोंड उघडं, मिशा. त्या प्लेऑफमधला त्याचा एकमेव गोल, आणि आयुष्यातला शेवटचा.

आणि दुसरा पिरियड होता, म्हणजे फ्रेंचची पाळी! माझ्या आयुष्यातला सगळ्यात आवडता गोल मी फ्रेंचमध्ये ऐकलाय. मला त्यातला एक शब्द कळला नाही, पण कॉमेंट्री करणाऱ्याचा आवाज असा काही चढला की त्याच्या टीमने गोल खाल्लाय असं वाटेना. काका, म्हणजे आमचे मालक, मॉन्ट्रियलचे कट्टर, हळूच म्हणाले, ह्या माणसाला मिळायला हवा. आणि मालकीणबाई रडायलाच लागल्या, त्यांच्या माहेरापासून लॅनीचं गाव म्हणजे जेमतेम तासाभराच्या रस्त्यावर. या किचनमध्ये मला जे दिसलं ना, तेच मला तुम्हाला सांगायचंय. ती दोघं पाट्यांच्या कायद्यावरून, तेलावरून, मीच लेकवरून दोन वर्षं भांडत होती, आणि कधी एकमेकांचं ऐकून घेत नव्हती. ते बारा दिवस दोघांनी एकमेकांच्या भाषेत मॅच ऐकली. अमेरिकन टीमशी फायनल असती तर इंग्रजीच लावली असती आणि कोणाला काही पडलं नसतं.

(भाषेवरून आठवलं, २००८ पासून हॉकी नाइट इन कॅनडा पंजाबीत होतं. आपल्याच अल्बर्टातल्या ब्रुक्सचा हरनारायण सिंग त्यावर बोलतो, २०१६ ला त्याने पिट्सबर्गच्या बोनिनोच्या गोलवर ‘बोनिनो, बोनिनो, बोनिनो’ असा जो सपाटा लावला तो अमेरिकेत जाऊन पोचला, पिट्सबर्गवाल्यांनी त्यांना बोलावून घेतलं. आपली एवढी पोरं इथे जन्मली, स्केट्स घालून वाढली, मराठीही बोलतात. एकाने तरी मराठीत कॉमेंट्री करून बघा रे, युट्यूबवर का होईना, मी पहिली ऐकेन.)

तर पुढे आपल्या डग गिलमोरने दोन गोल केले, दुसरा रिकाम्या गोलमध्ये, ४-२, सिरीज ४-२, आणि मॉन्ट्रियलच्या बर्फावर लॅनीच्या हातात कप. त्यानंतर तो निवृत्त झाला. गेनीसुद्धा त्या सिरीजनंतर तिथून खेळला नाही. २०२४ मध्ये लॅनी आपल्या एअरपोर्टवर कोसळला, हृदय थांबलं होतं, तिथे हजर असलेल्या नर्सेसनी त्याला वाचवलं. त्या बातमीच्या दिवशी मला ज्यांचे फोन आले त्यातले दोन तरी आज इथे बसलेत.

किती राहिली? दहा मिनिटं? चहा आलाय म्हणे. बरं, मग पाचात सांगते, आता लक्ष द्या, कारण मुख्य मुद्दा हाच आहे.

असं परत का झालं नाही? लोक म्हणतात कॅनडाच्या टीम्सवर दबाव फार, गोलकीपर चांगले नाहीत, खेळाडूंना टॅक्स कमी असलेलं फ्लोरिडा बरं वाटतं. थोडंफार असेल. पण आधी साधा हिशोब करा, मी जन्मभर अकाउंट्समध्ये होते. १९८९ ला लीगमध्ये २१ टीम, त्यातल्या ७ आपल्या. एका बाजूच्या ११ मध्ये मॉन्ट्रियल आणि क्यूबेक, दुसऱ्या बाजूच्या १० मध्ये टोरंटो, विनिपेग, व्हँकुव्हर आणि अल्बर्टाच्या दोन. सगळ्या टीम्स सारख्याच आहेत असं धरलं तर अकरातल्या दोन आणि दहातल्या पाच, म्हणजे घरची फायनल साधारण अकरा वर्षांतून एकदा. आज ३२ टीम, आपल्या तेवढ्याच ७. पूर्वेच्या १६ मध्ये तीन, पश्चिमेच्या १६ मध्ये चार. हिशोब येतो एकवीस वर्षांतून एकदा. म्हणजे कोणी काही चूक न करता फक्त लीग मोठी झाली म्हणून आपली संधी अर्धी झाली. कोणी म्हणेल पूर्व-पश्चिम काढून टाका, सगळ्यांना एकत्र नंबर द्या. करून बघितलंय मी, त्याने काही वाढत नाही, उलट जरासं कमीच होतं. टीम वाढल्या तरच संधी वाढते.

आणि टीम कमी कशा झाल्या तेही ऐका. नव्वदच्या दशकात आपला डॉलर घसरत गेला, २००२ ला तर ६२ अमेरिकन सेंटपर्यंत आला. तिकिटं विकायची कॅनडाच्या डॉलरमध्ये आणि पगार द्यायचे अमेरिकन डॉलरमध्ये. १९९५ ला क्यूबेक सिटीची टीम, नॉर्डिक्स, विकली गेली आणि डेन्व्हरला गेली, १९९६ ला विनिपेग गेलं फिनिक्सला. आणि क्यूबेकच्या लोकांचं नशीब बघा, टीम गेली त्याच्या पहिल्याच वर्षी, १९९६ ला, तिने डेन्व्हरसाठी कप जिंकला. गोलमध्ये कोण? पॅट्रिक रुआ! डिसेंबर १९९५ ला डेट्रॉइटने मॉन्ट्रियलला ११-१ हरवलं, कोचने त्याला नऊ गोल खाईपर्यंत बाहेर काढलं नाही, तो भडकला आणि चार दिवसांत त्याला कोलोरॅडोला पाठवलं. क्यूबेकची टीम, मॉन्ट्रियलचा गोलकीपर, आणि मिरवणूक डेन्व्हरमध्ये.

२००५ पासून पगाराला कॅप, म्हणजे वरची मर्यादा, आहे, त्यामुळे तेव्हाची अडचण आता तशी राहिली नाही. विनिपेगला २०११ मध्ये टीम परत द्यायची ठरली तेव्हा १३,००० सीझन तिकिटं विकून दाखवा म्हटलं तर चार दिवसांत विकली. ती टीम कुठून आली? अटलांटाहून, आपलीही तिथूनच आली होती. म्हणजे अटलांटात दोनदा प्रयोग केला, दोन्ही टीम कॅनडात येऊन टिकल्या, यातून लीगला काही कळायला नको? फिनिक्सची टीम २००९ ला दिवाळखोरीत गेली, ब्लॅकबेरीवाला जिम बाल्सिली ती विकत घेऊन हॅमिल्टनला न्यायला तयार होता, कोर्टात गेला, लीगने अडवलं. मग पंधरा वर्षं ती टीम तिथेच रेटली, शेवटी कॉलेजच्या छोट्या अरीनात खेळवली, आणि २०२४ ला तिचे खेळाडू नेले कुठे, तर युटाला. आणि क्यूबेक सिटीने २०१५ मध्ये अठरा हजार लोक बसतील असं अरीना बांधून ठेवलंय. बांधलेलं आहे, चालू आहे, फक्त टीम नाहीये.

क्यूबेक आणि हॅमिल्टन, या दोन टीम पूर्वेला घाला. अठरातल्या पाच आणि सोळातल्या चार, हिशोब येतो चौदा वर्षांतून एकदा. त्यात नॉर्डिक्स परत आली की मॉन्ट्रियल-क्यूबेक हे जुनं वैरही परत येईल, ते काय होतं ते त्या वेळच्या कोणा मॉन्ट्रियलवाल्याला विचारा. शहर छोटं आहे म्हणाल तर विनिपेगही छोटंच आहे आणि त्याचं अरीना क्यूबेकच्या अरीनापेक्षा लहान. टीव्हीचे पैसे अमेरिकेतून येतात, कॅनडात टीम वाढवून अमेरिकेतले प्रेक्षक वाढत नाहीत, हे लीगचं खरं कारण आहे आणि ते त्यांनी उघड सांगावं. टोरंटो आणि बफेलो हॅमिल्टनला विरोध करतात, आमच्या दारात दुकान नको म्हणून, तोही मला मान्य नाही.

काका उठले. बरं. ज्यांना आकडे तपासायचेत त्यांनी चहाच्या वेळी कागद माझ्याकडून घ्या, आणि टोरंटोहून आलेल्यांनी १९६७ बद्दल विचारायचं असेल तर तेही विचारा. तीही घरचीच फायनल होती, मॉन्ट्रियलला ४-२ हरवून तुम्ही जिंकला होता, त्यावर बोलायला मला आनंदच आहे.